चाफ्याची फांदी लावण्यापासून दिवाळीनंतरच्या फुलांपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमच्या गच्चीवर आज ११ चाफे आहेत, सगळे कुंडीत किंवा अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये. पहिला आला २०११ मध्ये. शिमग्याला माहेरी गेले होते, दापोली तालुक्यात, येताना आईच्या अंगणातल्या पांढऱ्या चाफ्याची दीड फुटाची फांदी पेपरात गुंडाळून एसटीने आणली. तेव्हापासून सोसायटीतल्या, नात्यातल्या, ओळखीच्या लोकांना इतक्या फांद्या वाटल्यात की तेच तेच प्रश्न फोनवर येत राहतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून काढतेय.

चाफा म्हणजे नक्की कुठला? सोनचाफा पण असाच लावायचा का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. इथे सगळं चाललंय ते देवचाफा किंवा खुरचाफ्याबद्दल, म्हणजे जाड फांद्या, तोडलं की पांढरा चीक, पाच पाकळ्यांचं फूल, हिवाळ्यात पानं गळून नुसते सांगाडे. नर्सरीत त्याला प्लुमेरिया किंवा फ्रँजिपानी म्हणतात. सोनचाफा हे मॅग्नोलियाच्या कुळातलं पूर्ण वेगळं झाड, त्याची रोपं कलम करून बनवतात, त्याला हे काही लागू नाही. हिरवा चाफा वेगळा, भुईचाफा तर हळदीच्या कुळातला कंद. आपल्या भाषेत वासाच्या फुलाला चाफा म्हणायची सवय आहे एवढंच त्यांचं नातं.

देवचाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा, पण आपल्याकडे देवळाच्या, दर्ग्याच्या, चर्चच्या आवारात इतका रुळलाय की परका वाटतच नाही. प्लुमेरिया हे नाव शार्ल प्लुमिए या फ्रेंच धर्मगुरू वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं.

नर्सरीत तीन-चार प्रकार दिसतात, फरक काय?

पानं बघा. लांब, टोकदार, शिरा ठळक आणि हिवाळ्यात गळणारी असतील तर प्लुमेरिया रुब्रा, पांढरा-पिवळा, गुलाबी, लाल, केशरी सगळे रंग बहुतेक यातलेच. पान गडद हिरवं, चकचकीत आणि टोकाला गोल असेल तर ऑब्ट्यूसा, ज्याला सिंगापूर चाफा म्हणतात, तो उबदार हवेत बहुतेक वर्षभर पानं धरून असतो. पान नागाच्या फण्यासारखं आणि पांढऱ्या फुलांचा गच्च गुच्छ असेल तर प्युडिका, नर्सरीवाले त्याला नागचंपा म्हणतात, तो भरपूर फुलतो पण वास जवळजवळ नाही. वासासाठी चाफा लावायचा असेल तर हा घेऊ नका, नंतर हिरमोड होतो.

फांदी कधी कापायची?

झाडावर पानं नसताना. फेब्रुवारी ते एप्रिलची सुरुवात, म्हणजे ढोबळमानाने माघ ते चैत्र. तेव्हा झाडाने सगळं अन्न त्या जाड फांदीत साठवून ठेवलेलं असतं, पानं नाहीत म्हणून पाणी उडून जात नाही, आणि पुढे दोन-तीन महिने कोरडा उन्हाळा असतो. चाफ्याच्या मुळांना ऊब लागते, थंडीत लावलेली फांदी नुसती उभी राहते, काही करत नाही.

फांदी कशी निवडायची?

अंगठ्याएवढी किंवा त्याहून जाड, राखाडी झालेली, एक ते दीड फूट. हिरवीगार कोवळी फांदी नको, ती कुजते. शेंडा शाबूत असेल तर उत्तम, कारण चाफ्याचं फूल शेंड्यावरच येतं. मधला तुकडासुद्धा लागतो पण त्याला आधी बाजूने डोळे फुटणार मग फांद्या वाढणार, म्हणजे फुलाला जास्त वाट बघायची.

कापताना सुरी किंवा कात्री स्पिरिटने पुसून घ्या, एका घावात कापा. चीक भळाभळा येतो, तो पाण्याने धुवून टाका, कपड्यावर पडला तर डाग जात नाही आणि डोळ्यात गेला तर फार आग होते, त्यामुळे लहान मुलांना बाजूला ठेवा. पानं असतील तर सगळी काढा, देठ थोडा ठेवून कापलीत तरी चालेल, देठ आपोआप गळतात.

एक सांगायचंच राहत होतं. फांदीची खालची बाजू लगेच मार्करने खूण करून ठेवा. शेंडा असला तर प्रश्न नाही पण मधले तुकडे आठवडाभर पडून राहिले की वरची बाजू कुठली ते कळत नाही, आणि उलटी लावलेली फांदी लागत नाही.

सुकवायची का खरंच? बाकी सगळी कटिंग तर ताजी लावतात.

हो, खरंच सुकवायची, आणि दहातल्या सात-आठ लोकांची फांदी इथेच फसते असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे. गुलाब, जास्वंद, मोगरा यांची कटिंग ताजी लावायची सवय असते म्हणून माणूस घाई करतो. चाफ्याची फांदी आतून मांसल, पाणी आणि चिकाने भरलेली असते, ताजी जखम ओल्या मातीत गेली की बुरशी सरळ आत शिरते आणि पंधरा दिवसांत फांदी खालून काळी. तेच जखमेवर खपली धरली की दार बंद झालं.

सावलीत, वारा लागेल अशा जागी, आडवी किंवा उभी कशीही ठेवा, ८ ते १५ दिवस. पुण्यात मार्चमध्ये दहा दिवस पुरतात, मुंबई-कोकणात हवा दमट म्हणून पंधरा द्या. कापलेली बाजू कोरडी, टणक, जरा आत ओढल्यासारखी दिसली की झालं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. फांदी जरा सुरकुतली तर घाबरू नका, ते चांगलंच आहे.

आणि उशीर झाला म्हणून फांदी मरत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यात आईच्या अंगणातलं ते मूळ झाड मुळासकट पडलं. लॉकडाऊन, मला जाता येईना, लाइट नाही, फोन लागत नाही, आठ दिवसांनी दादाशी बोलणं झालं तर तो म्हणाला पाच फांद्या कापून पडवीत भिंतीला टेकवून ठेवल्यात, पण बाहेर धो धो पाऊस, लावू कुठे? मी म्हटलं लावूच नको, राहू दे तशाच. त्या फांद्या अख्खा पावसाळा पडवीत कोरड्या उभ्या होत्या, सुरकुतून निम्म्या झाल्या, वहिनी म्हणायची आता चुलीत घालायला झाल्यात. ऑक्टोबरच्या उन्हात दादाने लावल्या आणि पाचातल्या दोन जगल्या. ताज्या त्या चिखलात खुपसल्या असत्या तर एकही राहिली नसती.

माती कुठली?

पाणी धरून न ठेवणारी. देशावरची काळी माती एकटी वापरू नका, ती ओली झाली की आठ दिवस ओली राहते. मी साधं मिश्रण करते, एक घमेलं बागेतली माती, एक घमेलं जाडी वाळू, अर्धं घमेलं विटांचा चुरा आणि अर्धं जुनं कुजलेलं शेणखत. फांदीला मुळं फुटायच्या आधी शेणखत पण नको, नुसती वाळू, विटांचा चुरा आणि थोडा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुरतो, खायला तोंडच नाही तर खत कोणाला घालणार. कोकणात जांभ्याचे बारीक खडे मिळतात ते मिसळा, पाणी झकास निचरतं.

कुंडी सुरुवातीला ८ इंची पुरे, खाली भोक मोठं हवं. मोठ्या कुंडीत माती जास्त, ओल जास्त, कुजायची भीती जास्त.

किती खोल लावायची?

तीन-चार इंच, बस. खोल लावली की पक्की बसते असं वाटतं पण जेवढा भाग मातीत तेवढा कुजायचा धोका. हलू नये म्हणून बाजूला काठी रोवून सुतळीने बांधा, किंवा वर दगड रचा. मुळं फुटताना फांदी हलली तर ती नाजूक मुळं तुटतात, म्हणून आलं का बघू म्हणून रोज हलवून बघायचं नाही, हे विशेषतः आजोबा मंडळींना सांगते, त्यांना राहवत नाही.

पाणी किती?

आपल्याला वाटतं त्याच्या पाव. फांदीला मुळंच नाहीत, ती पाणी पिणार कशाने? लावताना माती हाताला जेमतेम ओलसर लागावी, मग दहा-बारा दिवस काही नाही, नंतर आठ-दहा दिवसांनी कडेकडेने अर्धा कप. विदर्भात ४४-४५ डिग्री असेल तर जरा लवकर, आणि दुपारच्या उन्हाला आड करा कारण उघड्या फांदीची साल भाजते. पुण्यात सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली अशी जागा बेस्ट. पूर्ण आकाराची चार-पाच पानं आली की मग नेहमीसारखं, वरची दोन इंच माती सुकली की भरपूर पाणी, आणि फुल ऊन, कमीत कमी सहा तास.

पंधरा दिवसांत पानं फुटली! लागली ना फांदी?

अजून नाही. शेंड्यावर साठवलेल्या अन्नावर पानं आधी येतात, मुळं मागून येतात, साधारण दीड-दोन महिने, कधी तीनही. याच टप्प्यावर लोक खूष होऊन पाणी वाढवतात आणि फांदी जाते. पानं इंचभर येऊन थांबली असतील तर मुळं नाहीत, पानं मोठी होत चालली आणि नवी येत राहिली तर मुळं आहेत.

फांदी मऊ लागतेय, काय करू?

दाबून बघा. वरून सुरकुतलेली पण आतून टणक असेल तर ठीक आहे, ती तहानलेली आहे, वाट बघा. बुडाशी दाबल्यावर पिचपिचीत लागली, किंवा काळी पडून वास आला तर लगेच बाहेर काढा, खालून चकत्या कापत वर जा, दर वेळी सुरी पुसा, जोवर आतला गाभा पांढरा स्वच्छ दिसत नाही तोवर. गाभ्यात एवढासा तपकिरी ठिपका राहिला तरी कुज पुन्हा वर चढते. मग पुन्हा दहा दिवस सुकवा आणि नव्या मातीत लावा. सहा इंच जरी चांगली राहिली तरी आशा आहे. लाल चाफ्याची फांदी पांढऱ्यापेक्षा जास्त रुसते, माझ्या दोन लाल फांद्या अशाच गेल्या आणि तिसरी लागली, त्यामुळे पहिल्यांदाच लावत असाल तर पांढरा-पिवळा घ्या.

पाण्यात ठेवून मुळं फुटतात का? आणि दालचिनी, मध, कोरफड, रूटिंग पावडर?

पाण्यात फुटतात कधी कधी, पण कुजतात जास्त, आणि पाण्यात आलेली मुळं मातीत हलवताना सहज तुटतात. रूटिंग पावडर लावलीत तर नुकसान नाही, मी लावत नाही. बाकीच्या स्वयंपाकघरातल्या वस्तू राहू द्या, खपली नीट धरली असेल तर कशाचीच गरज नाही.

फुलं कधी येतील?

शेंड्यासकट जाड फांदी असेल आणि त्या शेंड्याने आधी फुलं दिलेली असतील तर पहिल्याच वर्षी येऊ शकतात, नाहीतर एक ते तीन वर्षं. माझ्या पहिल्या फांदीने दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एकच तुरा दिला. पहिल्या वर्षी मुळं धरायच्या आधी फांदीवर तुरा आला तर तो काढून टाका, जड जातं पण काढा, नाहीतर फांदी आपलं सगळं अन्न त्यातच घालवते.

बिया लावल्या तर?

शिंगांसारख्या जोडशेंगा येतात, पिकायला आठ-दहा महिने लागतात, उकलल्या की पंख असलेल्या बिया वाऱ्यावर जातात, म्हणून शेंगेवर जुना पायमोजा बांधून ठेवा. उगवतात छान, पण रंग आईसारखा येईल याची खात्री नाही आणि फुलाला निदान तीन वर्षं. हवा तो रंग हवा असेल तर फांदीच. फांदी म्हणजे तेच झाड, दापोलीतलं आणि माझ्या गच्चीवरचं एकच आहे असं मी मानते.

पावसाळ्यात पानांखाली केशरी पावडर येते, पानं गळतात.

तांबेरा. फक्त चाफ्याच्या जातीवर येणारी बुरशी आहे, कोलिओस्पोरियम प्लुमेरी तिचं नाव, दमट हवेत जुलै-ऑगस्टपासून जोर धरते. झाड त्याने सहसा मरत नाही पण पानं गेली की पुढच्या बहराचं अन्न कमी पडतं, आणि ज्यांना दिवाळीच्या सुमाराची फुलं हवीत त्यांच्यासाठी हा मुद्दा मोठा आहे. लागलेली पानं हळूच तोडून पिशवीत घालून फेकून द्या, झाडाखाली पडू देऊ नका, कंपोस्टमध्ये तर अजिबात नको. कुंड्या एकमेकींपासून लांब ठेवा, पाणी मातीत घाला, पानांवर नाही. फारच झालं तर पाऊस उघडल्यावर गंधकाची भुकटी धुरळतात.

मिलीबग, म्हणजे पांढरी कापसासारखी कीड, शेंड्यात बसतात, त्यांना कापसाच्या बोळ्याने पुसा आणि आठवड्याने निंबोळी तेल फवारा.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला चाफा फुलतो का? मला वाटायचं उन्हाळ्याचंच फूल.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. चाफ्याचा मोठा बहर मार्च ते जून, निष्पर्ण फांदीवर नुसती फुलं, तो सगळ्यांना माहीत असतो. पाऊस लागला की फुलं भिजतात, तांबेरा येतो, माणसं झाडाकडे बघायचं सोडतात. पण पावसाळ्यात जी नवी वाढ झाली तिच्या शेंड्यांवर भाद्रपदात पुन्हा पंज्यासारखे तुरे दिसायला लागतात, तुरा दिसल्यापासून पहिलं फूल उमलायला साधारण दीड-दोन महिने, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात आणि दिवाळीच्या आसपास दुसरा बहर. मुंबईत, कोकणात, गोव्यात हवा उबदार असल्याने तो डिसेंबरपर्यंत रेंगाळतो, पुण्या-नाशकाकडे नोव्हेंबरअखेर ओसरतो.

आणि हा बहर मला चैत्रातल्यापेक्षा लाडका आहे. फुलं संख्येने कमी असतात, तुऱ्यावर रोज दोन किंवा तीन, पण थंड हवेत ती जास्त दिवस टिकतात, मे मध्ये संध्याकाळपर्यंत मान टाकणारं फूल नोव्हेंबरात चार-पाच दिवस तसंच्या तसं असतं. रंगही बदलतो, माझ्याकडचा गुलाबी-पिवळा चाफा उन्हाळ्यात जवळजवळ पिवळाच दिसतो आणि थंडी पडली की कडेला गुलाबी चढत जातो, पाहुण्यांना ते दोन वेगळी झाडं वाटतात. पहाटे काकड्याला जायच्या आधी मी गच्चीवर जाते, तेव्हा हवा बोचरी असते आणि वास खाली बसलेला असतो, कमरेच्या उंचीवर, तो उन्हाळ्यात कधीच तसा मिळत नाही. पानंही त्या वेळी पिवळी पडायला लागलेली असतात, मधूनच एक गळतं, आणि त्याच फांदीच्या टोकाला नवं फूल उघडत असतं. झाड झोपायला निघालेलं असतं आणि तरी हातातलं काम पुरं करत असतं. कित्येक जण नेमकं याच वेळी झाड ओकंबोकं दिसतंय म्हणून छाटून टाकतात, आणि मला ते बघवत नाही.

मग या उशिराच्या बहरासाठी काय करायचं?

काम ऑगस्ट-सप्टेंबरात आहे, नोव्हेंबरात नाही. पावसाने उघडीप दिली की कुंडीत दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड, झालंच तर थोडं बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा. युरिया नको, नत्र जास्त झालं की नुसत्या लांब हिरव्या फांद्या आणि पानं. वरची शेवाळलेली माती खरवडून मोकळी करा. कुंडी जिथे सहा तास ऊन येतं तिथे सरकवा, ऑक्टोबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कलतो, जूनमध्ये उन्हात असलेली कुंडी आता भिंतीच्या सावलीत गेलेली असते हे लक्षातच येत नाही. माझ्या उत्तरेकडच्या दोन ड्रमना मी म्हणूनच चाकं लावून घेतली.

ऑक्टोबर हीटमध्ये पाणी चुकवू नका, माती एकदम खडखडीत आणि मग एकदम बदाबदा असं झालं की कळ्या गळतात. दिवाळीनंतर खत पूर्ण बंद.

नोव्हेंबरात कळ्या आल्या पण उघडतच नाहीत, तशाच थांबल्यात.

रात्री थंड झाल्या की वाढ मंदावते. कुंडी दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला लावून ठेवा, भिंत दिवसा तापते आणि रात्री ऊब देते, आमच्याकडे पाण्याच्या टाकीच्या भिंतीला टेकलेला चाफा बाकीच्यांपेक्षा पंधरा दिवस जास्त फुलतो. थोड्या कळ्या गळतील, गळू द्या. पण तुरा हिरवा आणि टणक असेल तर तो कापू नका, कधी कधी तो हिवाळाभर तसाच झोपून राहतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा जागा होऊन फुलतो. सुकून तपकिरी झाला तरच काढा.

डिसेंबरात सगळी पानं गळली. मेलं का झाड?

नाही, झोपलंय. पाणी जवळजवळ बंद करा, महिन्यातून एकदा-दोनदा कुंडीतलं झाड असेल तर थोडं, जमिनीतल्याला काहीच नको. झोपलेल्या झाडाला कीव येऊन पाणी घालणं हे चाफा मरायचं एक नंबरचं कारण. शेंडे टणक आहेत ना, मग निर्धास्त राहा.

छाटणी?

शक्यतो नको. फूल शेंड्यावर येतं, शेंडा कापला की त्या फांदीचा पुढचा बहर गेला. शिवाय तुरा आला की तिथे फांदी आपोआप दोन-तीन ठिकाणी फुटते, झाड आपलं आपण डेरेदार होतं. फारच लांब ढांगी झालं तर फेब्रुवारीत कापा, आणि कापलेलं फेकू नका, ती तुमची पुढची कटिंग.

वास रात्रीच जास्त का येतो?

कारण त्याला पतंगांना बोलवायचं असतं, मोठ्या हॉकमॉथ पतंगांना. गंमत म्हणजे फुलात मध नसतोच, पतंग वासाला भुलून एका फुलावरून दुसऱ्यावर मध शोधत फिरतात आणि त्यात परागीभवन होतं. वास हवा असेल तर फूल संध्याकाळनंतर आत आणा, काचेच्या पसरट भांड्यात पाण्यावर तरंगत ठेवा, पाकळ्यांना बोटं कमी लावा, दाबलं की तपकिरी डाग पडतात.

घराजवळ चाफा लावू नये म्हणतात, स्मशानात असतो म्हणून.

स्मशानात, कबरस्तानात तो लावतात कारण काळजी न घेता वर्षानुवर्षं जगतो आणि रोज खाली फुलांचा सडा घालतो. तीच फुलं आपण महादेवाला वाहतो. लाओसचं आणि निकाराग्वाचं तर ते राष्ट्रीय फूल आहे, हवाईत पाहुण्याच्या गळ्यात त्याची माळ घालतात. माझ्या सासूबाईंनी पहिली फांदी बघून नाक मुरडलं होतं, आता सकाळी परडी घेऊन त्याच आधी गच्चीवर असतात. चीक मात्र खरंच त्रासदायक आहे, त्वचेला खाज येते, पोटात गेला तर मळमळ-जुलाब होऊ शकतात, त्यामुळे कुत्रं-मांजर चावत असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

मुलगी न्यूजर्सीला आहे, तिला फांदी पाठवू का?

बॅगेत लपवून अजिबात नको, झाडाझुडपांना तिथे कागदपत्रं लागतात, विमानतळावर काढून घेतात. तिकडेच घेऊ दे, अमेरिकेत चाफ्याची हौस मोठी आहे, टेक्सासमध्ये तर प्लुमेरिया सोसायटी ऑफ अमेरिका नावाची संस्थाच आहे आणि जगभरातल्या जातींची नावं नोंदवायचं काम ती करते. न्यूजर्सीत झाड कुंडीतच हवं. रात्री १० डिग्री सेल्सियस, म्हणजे त्यांच्या ५० च्या खाली जायला लागल्या की आत घ्यायचं. तेव्हा नेमके कळ्यांचे तुरे असतील तर दक्षिणेच्या खिडकीत भरपूर उजेडात, उबेत ठेवलं तर राहिलेल्या कळ्या आत उघडतात, अख्ख्या घराला वास येतो. मग पाणी तोडून, पानं गळू देऊन, गोठणार नाही अशा गॅरेजमध्ये किंवा तळघरात कोरडं ठेवायचं आणि मे मध्ये बाहेर.

आत्ता दिवाळीनंतर तुमच्या झाडाला फुलं बघितली, त्याच रंगाची फांदी आत्ताच द्याल का?

आत्ता नाही, फेब्रुवारीत. पण आत्ताच सांगून ठेवा, कारण फेब्रुवारीत सगळ्या फांद्या नुसत्या राखाडी काठ्या असतात आणि कुठली कुठल्या रंगाची ते मलाही कळत नाही. एका नर्सरीतून मी लाल म्हणून आणलेली फांदी दोन वर्षांनी गुलाबी निघाली, तेव्हापासून मी फूल अंगावर असतानाच फांदीला रंगीत सुतळी बांधते आणि प्लास्टिकच्या पट्टीवर रंग, महिना आणि ती कोणासाठी आहे त्याचं नाव लिहून अडकवते. या घडीला पाच सुतळ्या बांधलेल्या आहेत. एक खालच्या मजल्यावरच्या काकूंची, दोन भाच्याच्या नव्या घराची, एक माझ्या डॉक्टरांची, आणि एक दादाची, त्याला दापोलीच्या अंगणात पांढऱ्याच्या शेजारी तो थंडीत गुलाबी होणारा हवाय.